कार्ड की कर्नल

1979 साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये, शुगार्ट असोसिएट्स या कंपनीत, लॅरी बाउचर नावाचे इंजिनिअर एका रोजच्या कटकटीवर उपाय शोधत होते. कंपनी फ्लॉपी ड्राइव्हसाठी नावाजलेली. सव्वापाच इंची फ्लॉपी 1976 मध्ये तिनेच बाजारात आणली होती. आता छोट्या हार्ड डिस्क यायला लागल्या होत्या आणि प्रत्येक डिस्कची अंगकाठी वेगळी. तबकड्या किती, हेड किती, एका फेरीत सेक्टर किती, हा सगळा तपशील ऑपरेटिंग सिस्टिमला पाठ असावा लागे. डिस्क बदलली की ड्रायव्हर पुन्हा लिहा. बाउचर यांच्या गटाने हे ओझं डिस्कशेजारच्या कंट्रोलरच्या गळ्यात घातलं. संगणकाने सहा बाइटांची एक आज्ञा पाठवायची: अमुक क्रमांकापासून इतके ब्लॉक वाच. हेड कुठे न्यायचं, वाचताना चूक झाली तर पुन्हा प्रयत्न कसा करायचा, हे कंट्रोलर बघेल.

या व्यवस्थेचं नाव सासी. कल्पना अगदीच कोरी नव्हती. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत 1964 च्या सिस्टिम/360 च्याही आधीपासून ‘चॅनल’ नावाचा स्वतंत्र घटक डिस्क आणि टेपची ने-आण सांभाळत असे आणि मुख्य प्रोसेसर हिशेबाला मोकळा राहत असे. पण ते वैभव मेनफ्रेमपुरतं होतं. सासीने ते टेबलावरच्या संगणकाच्या आवाक्यात आणलं. 1981 मध्ये बाउचर यांनी शुगार्ट सोडून ॲडाप्टेक ही कंपनी काढली, सासीचं रूपांतर स्कझीमध्ये झालं आणि 1986 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यावर शिक्का मारला. संगणकाचं कार्ड धरून एका केबलवर आठ उपकरणं, आणि साध्या प्रकारात केबलची लांबी सहा मीटर.

ही सहा मीटरची मर्यादा तारेतल्या विजेच्या गुणधर्मांची होती, आज्ञेची नव्हती. आज्ञा आणि उत्तर एवढंच नातं उरल्यावर मधली तार सहा मीटरची असली काय किंवा समुद्रापारची असली काय, ‘हा ब्लॉक दे’ याचा अर्थ बदलत नाही. हे आता उघड वाटतं. मात्र ती आज्ञा साध्या नेटवर्कवरून बिनधास्त पाठवायला पुढची वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत भांडण वेगळ्याच गोष्टीवरून झालं: मधलं काम कुणी करायचं? खास त्यासाठी बनवलेल्या कार्डाने, की ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या वेळातून?

बाउचर यांचं उत्तर आयुष्यभर एकच राहिलं: कार्डाने. म्हणूनच या गोष्टीत ते वारंवार भेटतील.

दुसऱ्या टोकाला होती सन मायक्रोसिस्टिम्स. 1982 मध्ये सुरू झालेली ही कंपनी इंजिनिअरांच्या टेबलावरची युनिक्स यंत्रं विकत असे. डिस्क तेव्हा महाग, त्यामुळे सनने बिनडिस्कची यंत्रंही विकायला काढली. त्यांची साठवण इथरनेटच्या दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरवर. पण ज्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम आहे तिच्यापर्यंत पोचायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर तर त्याच डिस्कवर! सनने हा पेच यंत्राच्या रॉममध्ये सोडवला. यंत्र सुरू झालं की रॉममधला छोटा प्रोग्राम इथरनेटवर हाळी देई: हा माझा कार्डाचा पत्ता, माझा इंटरनेट पत्ता कोणता? उत्तर आलं की एका अगदी साध्या प्रोटोकॉलने बूट करणारा प्रोग्राम खाली उतरवायचा, आणि तो पुढे कर्नल आणणार. नेटवर्कवरच्या साठवणीला हार्डवेअरकडून कमीत कमी लागते ती ही मदत: जागं झाल्यावर पहिला प्रश्न विचारण्यापुरती अक्कल. वीस वर्षांनी आय-स्कझीवरून, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलवरून धाडलेल्या स्कझी आज्ञांनी, बूट करताना हाच पेच पुन्हा उभा राहिला. तेव्हा कार्डाच्या रॉमने दूरची डिस्क शोधायची आणि तिचा पत्ता मेमरीतल्या एका ठरावीक तक्त्यात लिहून ठेवायचा, म्हणजे मागाहून येणारा कर्नल तो वाचून जोडणी पुढे चालू ठेवेल, अशी तोड निघाली.

सनची सुरुवातीची पद्धत ‘एनडी’ म्हणून ओळखली जाई. सर्व्हरच्या डिस्कचा एक तुकडा एका यंत्राला तोडून दिलेला, आणि मागणी ब्लॉकच्या भाषेत. साधी, चपळ, पण एकलकोंडी. दोघांना एकच फाइल हवी असेल तर पंचाईत. म्हणून 1984 मध्ये सनने एनएफएस जाहीर केलं. 1985 च्या उन्हाळ्यात पोर्टलंडच्या युजनिक्स परिषदेत रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लाइमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन यांचा निबंध वाचला गेला. इथे मागणी ब्लॉकची नाही, फाइलची. सर्व्हरने कुणाचीही आठवण ठेवायची नाही. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण. सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तरी समोरचं यंत्र तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहणार, आणि कधीतरी उत्तर मिळणार.

एनएफएसचं खरं मोठेपण मला वेगळ्याच जागी दिसतं. क्लाइमन यांनी सनच्या कर्नलमध्ये फाइल सिस्टिमचा एक मधला थर घातला. वरच्या प्रोग्रामने फाइल उघडावी. ती जवळच्या डिस्कवर आहे की पलीकडच्या इमारतीत, हे त्या थराखाली ठरेल. आज लिनक्ससकट सगळ्या युनिक्सच्या गोतावळ्यात हा थर आहे आणि त्याची कुणाला दखलही नसते. शिवाय सनने एनएफएसचा आराखडा उघड ठेवला. एखादा प्रोटोकॉल जगतो की मरतो हे बहुतेक वेळा त्याच्या वेगावर ठरत नाही. समोरच्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो आयता आहे का, यावर ठरतं. सनने हे ओळखलं होतं.

किंमत मात्र मोजावी लागली. आठवण न ठेवणाऱ्या सर्व्हरला ‘लिहिलं’ म्हणून कळवण्याआधी बाइट खरोखर डिस्कवर टेकवावे लागत, आणि फिरत्या डिस्कवर प्रत्येक वेळी ते करणं म्हणजे कासवगती. इथे लगेच कार्डवाले धावून आले. एनएफएसच्या मूळ चमूतल्या काहींनी काढलेल्या लेगाटो या कंपनीने बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या मेमरीचं कार्ड विकायला आणलं. लिहिलेलं आधी तिथे ठेवायचं, डिस्कवर सावकाश उतरवायचं. बाउचर यांनी तर त्याहून मोठा डाव मांडला. 1987 मध्ये त्यांनी ऑस्पेक्स काढली. तिच्या यंत्रात युनिक्स चालवणारा प्रोसेसर होता, पण फाइल पोचवण्याच्या वाटेवरून त्याला जवळजवळ हद्दपारच केलेलं. इथरनेटसाठी वेगळा प्रोसेसर, फाइल सिस्टिमसाठी वेगळा, डिस्कसाठी वेगळा. अशी खास घडवलेली यंत्रं काही वर्षं राजासारखी जगली.

त्याच ऑस्पेक्समधून डेव्ह हिट्झ आणि जेम्स लाऊ बाहेर पडले आणि 1992 मध्ये मायकेल माल्कम यांच्यासह त्यांनी नेटॲप सुरू केली. त्यांचं पहिलं यंत्र इंटेलच्या 486 वर चालत होतं, म्हणजे त्या वेळी कुणाच्याही कचेरीत असेल त्या प्रोसेसरवर. चतुराई सगळी सॉफ्टवेअरमध्ये: फाइल पुरवण्याशिवाय दुसरं काहीच न करणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि नवं लिहिणं जुन्यावर न घालता मोकळ्या जागेत सलग लिहिणारी फाइल सिस्टिम. इंटेलचा प्रोसेसर दर दीड-दोन वर्षांनी आपोआप वेगवान होत गेला. ऑस्पेक्सला मात्र प्रत्येक वेळी स्वतःचे बोर्ड नव्याने घडवावे लागत. 2003 मध्ये ऑस्पेक्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची पेटंट नेटॲपनेच विकत घेतली. खास हार्डवेअर नेहमी हरतं असा अर्थ इथून काढण्याची घाई करू नये. पुढे अपवाद आहे, आणि तोही मोठा.

या काळातली एक पुण्याकडची वाटही जाता जाता पाहून घेऊ. एनएफएसचा सर्व्हर बंद पडला तर त्याची जागा दुसऱ्याने कशी घ्यावी, या प्रश्नावर 1991 च्या युजनिक्स परिषदेत आयबीएममध्ये केलेल्या कामावर तिघांचा निबंध आला. त्यातलं पहिलं नाव अनुपम भिडे. एकच डिस्क दोन सर्व्हरना जोडायची आणि एक पडला की दुसऱ्याने त्याचा पत्तासुद्धा उचलायचा, अशी ती रचना. भिडे यांनी पुढे कालसॉफ्ट ही कंपनी काढली आणि तिचं काम पुण्यात रुजलं. साठवणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं विकास केंद्रही पुण्यातच होतं. डिस्क, व्हॉल्यूम, बॅकअप या शब्दांवर ज्यांची घरं चालली असे कित्येक इंजिनिअर या शहरात सापडतील. आयटी म्हणजे फक्त बँकांची आणि विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं, असा आपला समज त्यांच्या बाबतीत लागू पडत नाही.

आता तो अपवाद. 1988 मध्ये सुरू झालेलं फायबर चॅनलचं काम 1994 मध्ये मानक म्हणून मान्य झालं. स्कझीची तीच जुनी आज्ञा, पण प्रकाशाच्या तंतूवरून, सेकंदाला गिगाबिटच्या वेगाने, दहा किलोमीटरपर्यंत. इथे पॅकेट हरवू द्यायचंच नाही असा दंडक. समोरच्याकडे जागा आहे असं कळल्याशिवाय पाठवायचं नाही. संगणकात एक एचबीए, म्हणजे खास कार्ड बसवायचं. प्रोटोकॉलची सगळी उठाठेव त्या कार्डात होई आणि ऑपरेटिंग सिस्टिमला फक्त एक स्कझी डिस्क दिसे. कर्नलला जवळजवळ काहीच नवीन शिकावं लागलं नाही. क्यूलॉजिक आणि एम्युलेक्स यांनी कार्डं विकली. 1995 मध्ये म्हैसूरकडचे कुमार मालवल्ली आणि त्यांचे सहकारी यांनी काढलेल्या ब्रोकेडने स्विच विकले. बँका, टेलिफोन कंपन्या, शेअर बाजार यांच्या तळघरांत नारिंगी केबलींची ही वेगळी दुनिया उभी राहिली. ती टिकली, आजही आहे. तोटा एकच, की ती महाग होती आणि तिची माणसं वेगळी. एका कचेरीत दोन नेटवर्क, दोन प्रकारचे स्विच, दोन टोळ्या, आणि त्या एकमेकींशी क्वचितच बोलत.

त्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये रॉडनी व्हॅन मीटर, ग्रेगरी फिन आणि स्टीव्ह हॉट्झ हे तिघं उलट दिशेने विचार करत होते. 1998 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की स्कझीच्या आज्ञा साध्या इंटरनेट प्रोटोकॉलवरून पाठवता येतात आणि त्यासाठी वेगळं नेटवर्क उभारण्याची गरज नाही. 1998-99 मध्ये गिगाबिट इथरनेटची मानकं आली, आधी तंतूवर आणि मग साध्या तांब्याच्या तारेवर. फायबर चॅनलचा वेग आता ऑफिसच्या भिंतीतल्या जॅकपर्यंत येणार हे दिसत होतं.

2000 मध्ये आयबीएम आणि सिस्को यांनी इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळापुढे आय-स्कझीचा मसुदा ठेवला. त्यामागचे प्रमुख होते आयबीएमच्या हैफा प्रयोगशाळेतले ज्युलियन सात्रान. चार वर्षं वाद झाले. इंटरनेटवरची वाहतूक नीट पोचवणारं टीसीपी वापरायचं की साठवणीसाठी काही नवं घडवायचं? एका जोडणीत अनेक टीसीपी धागे असावेत का? आणि सगळ्यात नाजूक मुद्दा: टीसीपीची स्वतःची तपासणी कच्ची आहे, तिच्यावर बँकेचा ताळेबंद सोडायचा का? उत्तर निघालं की वरून आणखी एक बळकट तपासणी, सीआरसी-32सी, ठेवता यावी. ज्याला हवी त्याने चालू करावी. या बारीक तपशिलाला पुढे अनपेक्षित महत्त्व आलं. एप्रिल 2004 मध्ये मानक छापलं गेलं तेव्हा ते 257 पानांचं झालं होतं. समितीत सगळ्यांचं ऐकलं की ग्रंथ असाच जाड होतो.

पण खरी लढाई कागदावर नव्हतीच. त्या काळात इंजिनिअरांच्या तोंडी एक ठोकताळा होता: टीसीपीवरून सेकंदाला एक बिट हलवायला प्रोसेसरचा एक हर्ट्झ जळतो. म्हणजे गिगाबिट भरून वाहायचं तर एक गिगाहर्ट्झचा अख्खा प्रोसेसर फक्त पॅकेटांचे हिशेब करण्यात गेला. मग डेटाबेस कोण चालवणार? निष्कर्ष सरळ वाटत होता, टीसीपी कार्डात टाका. आणि हा निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढून बसलेला माणूस होता, अर्थातच, लॅरी बाउचर. 1997 मध्येच त्यांनी अलाक्रिटेक काढली होती: कार्डात टीसीपी, कर्नलला मोकळीक. ॲडाप्टेक आणि क्यूलॉजिक यांनीही आय-स्कझीची कार्डं आणली. हुशार माणसं होती ती. 2001 साली त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता.

2003 मध्ये मात्र तीन गोष्टी घडल्या.

मार्चच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या फास्ट परिषदेत आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतले प्रसेनजित सरकार, संदीप उत्तमचंदानी आणि कलाधर वोरुगंटी यांनी थेट हाच प्रश्न विचारणारा निबंध मांडला: आयपीवरच्या साठवणीत हार्डवेअरचा आधार नेमका कधी कामाला येतो? त्यांनी साधं सॉफ्टवेअर, टीसीपी सांभाळणारं कार्ड आणि सगळंच सांभाळणारं कार्ड अशी तिन्ही रूपं शेजारी ठेवून मोजली. मोठमोठे ब्लॉक हलवताना कार्डामुळे प्रोसेसरचा भार उतरला. छोट्या ब्लॉकांच्या वेळी मात्र कार्डच अडसर ठरलं. त्याच्यावरचा छोटा प्रोसेसर यंत्राच्या मुख्य प्रोसेसरपेक्षा मंद होता. यात नवल नाही. कार्ड डिझाइन होऊन बाजारात येईपर्यंत मुख्य प्रोसेसरची पुढची पिढी दुकानात आलेली असे.

मे महिन्यात हवाईतल्या एका परिषदेत एचपीचे जेफ मोगल यांनी टीसीपी कार्डात टाकण्याची कल्पना निबंधाच्या शीर्षकातच मूर्खपणाची ठरवली, आणि त्याच शीर्षकात तिची वेळ आता आली आहे असंही म्हटलं. सर्वसाधारण इंटरनेटसाठी तिचा उपयोग नाही, पण साठवणीसारख्या ठरावीक, जाड, जवळच्या वाहतुकीत तिला जागा मिळू शकेल, असा त्यांचा युक्तिवाद.

तिसरी गोष्ट व्यापाराची. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी आय-स्कझीचा सॉफ्टवेअर इनिशिएटर, म्हणजे दूरची डिस्क मागणारा भाग, फुकट उपलब्ध केला. विंडोज 2000, एक्सपी आणि सर्व्हर 2003, तिन्हींना चालणारा. कुठल्याही साध्या नेटवर्क कार्डावर तो बसे. माझ्या मते आय-स्कझीचा निकाल त्या दिवशी लागला. 257 पानांचं मानक छापून यायला अजून दहा महिने होते, पण लहान कारखान्यातल्या, कॉलेजातल्या, इस्पितळातल्या संगणकवाल्याला आता एचबीएच्या किमतीचं उत्तर साहेबांना देण्याची गरज उरली नव्हती. गिगाबिटचा स्विच होताच, डिस्कची पेटी घ्यायची, चार क्लिक करायचे.

मायक्रोसॉफ्टने कार्डाकडे पाठ फिरवली होती असंही नाही. टीसीपीची चालू जोडणी कर्नलमधून कार्डात उतरवण्याची ‘चिमणी’ नावाची सोय ती तयार करत होती. ऑगस्ट 2004 मध्ये अलाक्रिटेकने ही कल्पना आपली असल्याचा दावा ठोकला, पुढच्या वर्षी न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली आणि जुलै 2005 मध्ये तडजोड होऊन मायक्रोसॉफ्टने परवाना घेतला. इतक्या खटाटोपाने मिळवलेली सोय 2007 च्या सर्व्हिस पॅक 2 मधून विंडोज सर्व्हर 2003 मध्ये आपोआप चालू झाली, आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या नाकी नऊ आले. जोडण्या अवचित तुटत, कारण सापडत नसे. कार्डाचा ड्रायव्हर, कार्डावरचं फर्मवेअर आणि विंडोज यांत गुन्हेगार कोण हे ठरवायला साक्षीदारच नाही. काही गडबड झाली की आधी चिमणी बंद करा, हा सल्ला सर्वतोमुखी झाला. मायक्रोसॉफ्टला ती मूळ स्थितीतच बंद ठेवणारी सुधारणा पाठवावी लागली आणि दहा वर्षांनी तिने ही सोय मोडीतच काढली.

लिनक्सच्या गोटात हे आधीच ताडलं गेलं होतं. 2005 मध्ये चेल्सिओ या कंपनीने आपल्या टीसीपी कार्डासाठी कर्नलमध्ये बदल सुचवले आणि नेटवर्क भागाचे प्रमुख डेव्हिड मिलर यांनी ते साफ नाकारले. कारणं वेगाची नव्हती. टीसीपी कार्डात गेलं की कर्नलची फायरवॉल, वाहतुकीचं नियोजन, मोजमाप, सगळं त्या जोडणीपुरतं आंधळं होतं. सुरक्षेत भोक सापडलं तर कर्नलमध्ये एका रात्रीत बुजवता येतं. कार्डाच्या फर्मवेअरसाठी कंपनीच्या दारात उभं राहायचं, आणि कंपनी बुडालेली असेल तर उभं राहायलाही दार नाही. पेढी आपली, गल्ला आपला, पण खातेवही मुनिमाच्या घरी अशी ती गत.

नकार मात्र सरसकट नव्हता, आणि इथेच या साऱ्या वादाचं मर्म आहे असं मला वाटतं. कर्नलने 64 किलोबाइटचा एकसंध गठ्ठा द्यायचा आणि कार्डाने त्याचे दीड हजार बाइटांचे तुकडे करून तारेवर सोडायचे, ही मदत लिनक्सने 2002 मध्येच स्वीकारली होती. चेकसमचा हिशेब कार्ड करू दे, आलेले तुकडे पुन्हा जुळवू दे. अट एकच: कार्डाने काही लक्षात ठेवायचं नाही. ढोरमेहनत कार्डाची, स्मृती आणि निर्णय कर्नलचे. एक हर्ट्झला एक बिट हा ठोकताळा या छोट्या छोट्या सवलतींनी हळूहळू निकालात निघाला. अलाक्रिटेकने 2016 मध्ये डेलसह काहींवर दावे लावले ते याच तुकडे कापण्या-जोडण्याच्या सोयींवरून. इंटेल त्यात बचावाला उतरली आणि पेटंट मंडळाने आव्हान दिलेल्या दाव्यांपैकी बहुतेक अग्राह्य ठरवले.

दरम्यान जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी ब्रँटली कॉइल यांनी या जाड मानकाला वैतागून वेगळीच वाट काढली होती. सिस्कोने पुढे विकत घेतलेल्या पिक्स फायरवॉलचे हे कर्ते. त्यांचा एटीए-ओव्हर-इथरनेट प्रोटोकॉल टीसीपी नको म्हणतो, आयपीही नको म्हणतो. डिस्कची आज्ञा सरळ इथरनेटच्या चौकटीत भरून पाठवा, हरवली तर पुन्हा पाठवा. वर्णन जेमतेम डझनभर पानांत मावतं. मार्च 2005 च्या लिनक्स 2.6.11 मध्ये त्याचा ड्रायव्हर आला. त्यांच्या कोरेड कंपनीच्या पेट्या स्वस्त होत्या आणि चाहते कडवे. पण आयपी नसल्यामुळे मागणी राउटरपलीकडे जात नसे आणि विंडोजमध्ये हा प्रोटोकॉल आयता नव्हता. कोरेड 2015 मध्ये बंद पडली. मला हा प्रोटोकॉल मनापासून आवडतो, पण त्याच्यावर कुणी कारखान्याच्या पगारपत्रकाचा सर्व्हर ठेवावा असं मी सुचवलं नसतं.

लिनक्समध्ये डिस्क मागणारा भाग लवकर एकवटला: ॲलेक्स आयझमन आणि दिमित्री युसुपोव यांचा ओपन-आय-स्कझी. डिस्क पुरवणाऱ्या भागासाठी मात्र अनेक गट वर्षानुवर्षं भांडत राहिले आणि 2011 मध्ये निकोलस बेलिंजर यांचा एलआयओ कर्नलमध्ये गेला. त्या भांडणाचा तपशील इथे नको. त्यात तंत्र कमी आणि रुसवेफुगवे जास्त होते.

सीआरसी-32सीचं ते जाता जाता म्हटलेलं महत्त्व आता येतं. ही तपासणी सॉफ्टवेअरने करायची तर प्रत्येक बाइटवरून फिरावं लागे. कार्डवाल्यांचा हा शेवटचा बिनतोड मुद्दा होता. 2008 च्या नेहेलम पिढीत इंटेलने मुख्य प्रोसेसरमध्येच त्यासाठी एक स्वतंत्र सूचना घातली, अगदी याच सूत्राची. कार्डाचा खास गुण प्रोसेसरने गिळून टाकला. 2010 मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी साधा सॉफ्टवेअर इनिशिएटर आणि 10 गिगाबिटचं साधं इथरनेट कार्ड वापरून एका पोर्टवरून सेकंदाला दहा लाखांहून अधिक वाचनं करून दाखवली. वाचनं 512 बाइटांच्या ब्लॉकची होती, म्हणजे जाहिरातीला सोयीची. तरी सात वर्षांपूर्वी अल्माडेनच्या निबंधात ज्या छोट्या ब्लॉकांपाशी कार्डाची दमछाक झाली होती, त्याच जागी सॉफ्टवेअरने ही मजल मारली. फायबर चॅनल इथरनेटवर बसवण्याचा एक प्रकार याच सुमारास गाजावाजा करत आला. त्याला खास स्विच लागत, खास कार्डं लागत. फार घरांत तो राहिला नाही.

मग डिस्कच बदलली. फिरत्या डिस्कला एक ब्लॉक आणायला पाच-दहा मिलिसेकंद लागत, तेव्हा नेटवर्कचा वेळ त्यात लपून जाई. फ्लॅश मेमरीने ते शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास आणलं आणि स्कझीची जुनी एकेरी रांग गळा आवळू लागली. 2011 च्या एनव्हीएमईमध्ये, म्हणजे फ्लॅशसाठी घडवलेल्या नव्या आज्ञाभाषेत, 64 हजारांच्या घरात रांगा ठेवता येतात, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला स्वतःची. 2016 मध्ये हीच भाषा नेटवर्कवर आली तेव्हा पहिला मान पुन्हा खास कार्डांना मिळाला: एका यंत्राच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट लिहिणारी कार्डं. जेमतेम अडीच वर्षांत, नोव्हेंबर 2018 मध्ये, साध्या टीसीपीवरचा प्रकार मान्य झाला आणि मार्च 2019 च्या लिनक्स 5.0 मध्ये त्याचा ड्रायव्हर दाखल झाला. त्यामागे इस्रायलमधल्या लाइटबिट्सचे सागी ग्रिमबर्ग प्रमुख होते. हैफानंतर पुन्हा इस्रायल; या विषयावर त्या देशाची पकड आहे खरी.

आणि तरीही कार्ड परत आलंच, ज्या वाटेने कुणी अपेक्षा केली नव्हती त्या वाटेने. भाड्याच्या संगणकांत. ॲमेझॉनने 2015 मध्ये अन्नपूर्णा लॅब्ज ही, पुन्हा इस्रायली, चिप कंपनी विकत घेतली आणि 2017 च्या अखेरीस नायट्रो ही रचना पुढे आणली. या रचनेच्या मुंबईतल्या यंत्रावर कुणी सर्व्हर भाड्याने घेतला तर त्याच्या लिनक्सला समोर एक साधी एनव्हीएमई डिस्क दिसते. प्रत्यक्षात ती डिस्क त्या यंत्रात नाहीच. कार्ड एनव्हीएमईचं सोंग घेतं आणि पलीकडे नेटवर्कवरून साठवणीच्या सर्व्हरशी बोलतं. त्या बोलण्याचा प्रोटोकॉल कोणता हे भाडेकरूला पाहायचीही सोय नाही. मिलर यांचे आक्षेप इथे बाद होतात असं नाही, फक्त ते मांडणारा बदलला आहे. पूर्वी कर्नलचा मालक आणि यंत्राचा मालक एकच असे, म्हणून त्याला खातेवही घरात हवी होती. इथे यंत्राचा मालक भाडेकरूच्या कर्नलवर विश्वासच ठेवू इच्छित नाही, आणि वही त्याच्या हाती लागू नये म्हणूनच ती कार्डात नेतो.

स्वतःच्या तळघरात असंच काही हवं असणाऱ्यांसाठी मेलानॉक्सने, आणि तिला 2020 मध्ये विकत घेणाऱ्या एनव्हिडियाने, ब्लूफील्ड नावाची कार्डं बनवली. त्या कार्डावर आर्म जातीचे गाभे आहेत, मेमरी आहे, आणि त्यावर लिनक्स चालतं, एनव्हीएमईच्या त्याच टीसीपी ड्रायव्हरसकट. मुख्य यंत्राचा कर्नल वेगळा, कार्डाचा कर्नल वेगळा. सुरक्षेची दुरुस्ती आली की संगणकवाल्याला आता ती दोन्हीकडे घालावी लागते.